करणी चालते का? चर्चने दिलेली उत्तरं

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कागलच्या एखाद्या तिकटीवर हळद-कुंकू लावलेलं लिंबू पडलेलं असतं. शाळेला निघालेलं पोर ते लाथाडतं. मागून येणारी आजी "अरं, त्यावर पाय देऊ नगंस" म्हणत लांबून वळसा घेते. आणि चहाच्या गाड्यावर उभा असलेला एखादा म्हणतो, "ह्या लिंबाचं कुणीतरी चांगलं पैसं घेतलं असणार बघ." एकाच लिंबावर तीन मतं झाली. यात काही नाही. यात काहीतरी आहे आणि ते वाईट आहे. यात कुणाचा तरी धंदा आहे.

ख्रिस्ती धर्माने जादूटोण्याशी आणि तो करणाऱ्यांशी दोन हजार वर्षं जो व्यवहार केला, तो समजून घ्यायला ही तीन मतं पुरतात. आपल्याकडे या विषयातलं एकच वाक्य ठाऊक असतं, की युरोपात चर्चने चेटकिणी जाळल्या. ते खोटं नाही, अपुरं आहे. चेटकीण समजून बाईला जाळणाऱ्यालाच देहदंड सांगणारा ख्रिस्ती राजाही होऊन गेला. कुठल्या काळात तीनपैकी कुठलं मत वरचढ होतं, त्यावर मांत्रिकाचं काय व्हायचं ते ठरत गेलं. या गोष्टीचा एक अध्याय गोव्यात घडला आहे, एक कोल्हापूर-मिरजेकडे, आणि शेवटचा २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यात.

सुरुवात बायबलपासून करू. जुन्या करारात चेटकिणीला जिवंत ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि त्याच जुन्या करारात शौल राजा लढाईच्या आदल्या रात्री वेषांतर करून एन्दोरच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला बोलवायला सांगतो. भूतविद्या करणाऱ्यांना त्यानेच देशातून हाकललेलं असतं. शमुवेल येतोही, आणि राजाला त्याच्या मरणाची बातमी देतो. आता आलेला तो खरोखर शमुवेल होता की त्याचं सोंग घेतलेला सैतान, यावर धर्मपंडित पुढे कित्येक शतकं भांडले. नव्या करारात शिमोन नावाचा जादूगार येतो. प्रेषितांनी हात ठेवला की पवित्र आत्मा उतरतो हे पाहून तो ती शक्ती विकत मागतो आणि पेत्राकडून शिव्याशाप खातो. इफिस शहरात जादू करणारे लोक आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळतात, आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपये झाली असा हिशेबही दिलेला आहे. हे 'रुपये' म्हणजे चांदीची नाणी. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले मागी लोक मात्र ताऱ्यांवरून भविष्य पाहणारे, आणि त्यांचं स्वागतच होतं. थोडक्यात, बायबल जादूला नकार देतं, पण ती थोतांड आहे असं सरळ कुठे म्हणत नाही.

ही मोकळी जागा चौथ्या-पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने भरली. तरुणपणी त्याला ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे या विषयात तो आतून बोलतो. गळ्यातल्या ताईतात किंवा पुटपुटलेल्या मंत्रात स्वतःची शक्ती काही नसते, असं तो म्हणतो. ती माणसाने आणि सैतानाने आपसात ठरवलेली खुणेची भाषा असते. गुण आलाच तर तो ताईताचा नव्हे, खूण ओळखून आलेल्या सैतानाचा. म्हणजे ताप उतरला तरी पाप लागलंच. या युक्तिवादाची गंमत अशी की, 'पण मला गुण आला' हे जगातलं सगळ्यात दणकट उत्तरसुद्धा त्यात निकामी होतं. पुढच्या हजार वर्षांत चर्च जे काही बोललं ते या पायावर उभं आहे. भर कधी 'सैतान आहे' यावर पडला, तर कधी 'ताईतात काही नाही' यावर.

मध्ययुगाच्या पहिल्या भागात भर दुसऱ्या गोष्टीवर होता. ७८५ च्या सुमारास शार्लमेन राजाने नव्याने जिंकलेल्या सॅक्सनीसाठी कायदा केला. अमकी बाई किंवा अमका पुरुष चेटकी आहे, माणसं खातो, अशी जुनी समजूत धरून कुणी त्याला जाळलं, तर जाळणाऱ्याला मृत्युदंड. ९०६ च्या सुमारास प्रूमच्या मठाचा माजी प्रमुख रेगिनो याने बिशपांसाठी नियमांचं एक पुस्तक केलं. त्यात रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून आकाशातून फिरतो असं सांगणाऱ्या बायकांबद्दल एक नियम आहे. या बायका फिरत नाहीत, स्वप्न पाहतात, आणि जो हे खरं मानतो त्याचीच श्रद्धा भ्रष्ट, असं तो नियम सांगतो. हाच नियम पुढे चर्चच्या अधिकृत कायदेसंग्रहात गेला. १०८० मध्ये सातवे पोप ग्रेगरी यांनी डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहून बजावलं, की वादळं आणि रोगराई यांचं खापर बायकांवर फोडू नका.

मग वारं फिरलं ते कशाने? एक कारण चर्चच्या घरातच होतं. बाराव्या-तेराव्या शतकापासून अरबी आणि ग्रीक विद्येबरोबर ग्रहांच्या आणि भुतं बोलावण्याच्या विधींची पुस्तकं लॅटिनमध्ये आली. ती वाचता कुणाला येत होती? पाद्र्यांना आणि पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना. वर्तुळं आखून, प्रार्थना उलटसुलट करून भुतं राबवण्याचा उद्योग करणाऱ्यांत हे शिकलेले लोकच पुढे होते. हे प्रकार समोर दिसत असताना 'हे सगळं स्वप्न आहे' असं म्हणणं धर्मपंडितांना जड जाऊ लागलं. भुताला बोलावणं म्हणजे सैतानाशी करार, करार म्हणजे धर्मद्रोह, आणि धर्मद्रोह म्हटला की इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अधिकार आला. चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी अशा लोकांना बहिष्काराची शिक्षा ठरवली. पोथीवाल्या पाद्र्यांसाठी तयार झालेलं हे तर्कशास्त्र शेवटी कुणाच्या गळ्यात पडलं, तर मुळ्या-पाला देणाऱ्या आणि शेजाऱ्याशी भांडताना शाप देणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीच्या.

हाइनरिश क्रामर या डोमिनिकन साधूने १४८५ मध्ये इन्सब्रुकला बायकांवर खटले भरले, तेव्हा तिथल्या बिशपाने त्याची कार्यपद्धती पाहून खटले मोडले आणि त्याला हाकलून दिलं. हा माणूस म्हातारपणाने भ्रमिष्ट झाला आहे, असंच बिशपाचं मत पडलं. क्रामरने चिडून पुस्तक लिहिलं, 'मालेयुस मालेफिकारुम', म्हणजे चेटकिणींवरचा हातोडा. पोप आठवे इनोसंट यांनी १४८४ मध्ये दिलेलं फर्मान त्याने पुस्तकाच्या तोंडाशी छापलं, त्यामुळे सगळ्याच पुस्तकाला पोपची संमती आहे असं दिसू लागलं. छपाईचं यंत्र नवंच होतं. आवृत्त्या निघत गेल्या.

खटल्यांचं यंत्र कसं चालायचं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. जुन्या कल्पनेत चेटकीण एकटी असते; तिच्यावरचा खटला तिच्यापाशी संपतो. नव्या कल्पनेत चेटकिणी रात्री डोंगरावर मेळा भरवतात, सैतानाला वंदन करतात. म्हणजे पकडलेल्या प्रत्येकीने मेळ्यात इतरांना पाहिलेलं असणारच. छळ करून विचारा, ती नावं देईल. त्या नावांना धरा, छळा, ती आणखी नावं देतील. जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये हे चाक नगराध्यक्षापर्यंत पोचलं. योहानेस युनियस हा नगराध्यक्ष १६२८ मध्ये तुरुंगात होता. छळाने हात निकामी झालेले असताना त्याने मुलीला चोरून पत्र लिहिलं, की मी कबूल केलं ते सगळं रचलेलं आहे, न रचता इथून सुटका नाही. ते पत्र आजही आहे. युरोपात साधारण १४५० ते १७५० या काळात चाळीस ते पन्नास हजार माणसं अशी मारली गेली असं अभ्यासक धरतात. त्यांत चारांतल्या तीन बायका.

इथे दोन गैरसमज काढून टाकावे लागतात. एक म्हणजे हा कहर अंधारयुगाचा नव्हे. तो ऐन भरात होता १५६० ते १६५० मध्ये, गॅलिलिओ दुर्बिणीतून आकाश पाहत होता त्या काळात, आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघांच्याही मुलखात. दुसरा असा की बहुतेक मृत्युदंड पोपच्या इन्क्विझिशनने दिलेले नाहीत, ते स्थानिक राजसत्तेच्या कोर्टांनी दिले. स्पॅनिश इन्क्विझिशनने १६१० मध्ये लोग्रोन्यो शहरात सहा जणांना चेटकाच्या आरोपावरून जाळलं खरं, पण त्याच खटल्यात बसलेला सालाझार हा न्यायाधीश पुढे बास्क खेड्यांतून महिनोन्‌महिने फिरला. अठराशेवर माणसांचे जबाब त्याने घेतले. दोघींनी सांगितलेली मेळ्याची जागा एक निघते का, चेटकाचा लेप जनावराला चारला तर त्याला काही होतं का, हे तपासलं. काहीही हाती लागलं नाही. चेटकिणींबद्दल बोलणं आणि लिहिणं सुरू होईपर्यंत तिथे चेटकिणी नव्हत्या, अशा अर्थाचा निष्कर्ष त्याने लिहून दिला. १६१४ मध्ये इन्क्विझिशनने नवे नियम काढले आणि त्याच्या हातून होणारे असे मृत्युदंड जवळपास थांबले. सालाझार पाद्री होता. छळाविरुद्ध १६३१ मध्ये पुस्तक लिहिणारा फ्रीडरिश श्पे हाही जेझुइट पाद्रीच. चर्चविरुद्ध चर्च असं हे भांडण होतं, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात वाचण्याजोगी पानं ही आहेत.

आता गोव्याकडे. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणलं. मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकलं. जुन्या गोव्यातल्या त्याच्या वाड्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मसभेने जोशी, जोगी, गुरव आणि जादूटोणा करणारे यांना हद्दीबाहेर काढावं असं सुचवलं. यादीत कोण कोण एका ओळीत बसले आहेत ते पाहा. पंचांग सांगणारा, देवळात पूजा करणारा आणि मूठ मारणारा, तिघेही एकच. ऑगस्टीनचं तर्कशास्त्र परमुलखात नेलं की असं होतं. ख्रिस्ताच्या नावाविना आलेला प्रत्येक गुण सैतानाचा, तर मग हिंदूंचा सगळा धर्मच चेटूक ठरतो.

खरी अडचण बाटलेल्या माणसांची होती. बाप्तिस्म्याने नाव बदललं, देऊळ गेलं, पण पोराचा ताप, पावसाची हूल, विहिरीवरचं भय आणि गावाच्या शिवेवरचा देवचार होता तिथेच राहिला. या कामांना आजवर घाडी होता. त्याच्या अंगात येई, तो कौल घेई, नारळ-कोंबडा सांगे. नवा ख्रिस्ती शेतकरी रविवारी मिस्साला जाई आणि रात्री घाड्याच्या दारात उभा राही. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर, म्हणून पकडला जाई तो शेतकरी. पण ख्रिस्त्यांना जुन्या वाटेला नेणाऱ्या हिंदूवरही त्याचा हात पोचत असे, म्हणून घाडीही सापडे. साक्षीदार कोण ते आरोपीला सांगत नसत. आपला गुन्हा कोणता असेल तो त्यानेच ओळखून कबूल करायचा. शिक्षा बहुधा फटके, हद्दपारी, बंदुकीच्या दारूच्या कारखान्यात सक्तमजुरी, अंगावर पश्चात्तापाचा झगा. जादूटोण्यासाठी माणूस जाळणं पोर्तुगीज इन्क्विझिशनमध्ये विरळ होतं.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १५६१ ते १७७४ या काळात १६,२०२ माणसांवर खटले चालवले असं नोंदवलेलं आहे. बहुतेक दप्तर ते बंद झाल्यावर नष्ट केलं गेलं, पण १६२३ पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनला शिल्लक आहे. त्यात सगळ्यात मोठा भरणा 'हिंदू रीतिरिवाज पाळणे' या गुन्ह्याचा. १४ एप्रिल १७३६ च्या फर्मानात तर अंगणातली तुळस, पुरुषांचं धोतर आणि बाळाच्या सहाव्या रात्रीचं जागरण यांवरही बंदी आली. सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते हे ज्या आयांना ठाऊक होतं, त्यांना पावणेदोनशे वर्षं झाली तरी ते विसरता आलं नव्हतं, हेच त्या फर्मानावरून कळतं.

पण बंदी घालून जागा रिकामी ठेवता येत नाही, हे चर्चलाही कळत होतं. जुनी पुराणं काढून घेतल्यावर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोलला ओवीबद्ध मराठीत 'क्रिस्तपुराण' छापलं, तसंच घाड्याच्या जागी मंतरलेलं पाणी, संतांची पदकं, क्रुसाची खूण आणि शेताला आशीर्वाद असा सरंजाम आला. गोव्यातल्या कॅथलिक घरांत आजही मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढतात आणि वर ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात. पवित्र पाणी चालतं आणि अंगारा चालत नाही, हा फरक खेडुताला काय समजवायचा? प्रोटेस्टंटांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. पाद्री करतो ती तरी जादू नाही तर काय, असं ते विचारत.

१७३६ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी २४ जूनपासून इंग्लंडमध्ये नवा कायदा लागू झाला. चेटकासाठीचा मृत्युदंड गेला. त्याजागी, मला जादू येते, भविष्य सांगता येतं, हरवलेली वस्तू शोधता येते असा बहाणा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आली. तिकटीवरच्या तिसऱ्या माणसाचं मत कायद्यात बसलं ते असं. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यावर नाराज होता. चेटूक नाकारणं म्हणजे बायबल नाकारणं, असं त्याने १७६८ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

पुढच्या शतकात महाराष्ट्रात आलेला पाद्री या बदललेल्या जगातला होता. त्याची मराठी प्रतिमा पाहायची तर जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचं नाटक पाहावं. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना जोशी ग्रहांची भीती घालून नागवतो, आणि त्यांना शहाणं करायला येतो तो पाद्री. तो जोशाला सैतानाचा हस्तक म्हणत नाही. फसवणूक कशी होते ते उलगडून दाखवतो. शेवटी नवराबायको शाळेची वाट धरतात. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. गोव्याच्या पाद्र्याला घाडी प्रतिस्पर्धी वाटे, या पाद्र्याला जोशी लबाड वाटतो. मिशनऱ्यांना बाटवायचं होतंच, यात शंका नाही, पण त्यांचं हत्यार बदललं होतं.

कोल्हापुरात रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले आणि त्यांनी शाळा काढल्या. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. कागल-निपाणीकडच्या माणसालाही मोठ्या दुखण्यासाठी 'मिरजेला नेलं' म्हणायची सवय लागली ती तेव्हापासून. देवऋषाचा धंदा कुणी वाद घालून बसवला असेल त्याहून मोतीबिंदू काढून जास्त बसवला. बसवला, संपवला नाही. मिरजेहून परत येताना नरसोबाच्या वाडीला उतरून बाहेरची बाधा आहे का ते पाहणारी कुटुंबं आपल्याकडे आजही आहेत, आणि त्यांना यात विसंगत काहीच वाटत नाही.

ख्रिस्ती बाजूलाही सगळं बुद्धिवादी झालं असं नाही. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्याने रडत, थरथरत प्रार्थना करू लागल्या आणि पवित्र आत्मा उतरल्याची बातमी जगभर गेली. तिथून पुढे आलेल्या पंथांत आजाऱ्यावर हात ठेवून भूत घालवणं नेहमीचं आहे. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढण्याचा विधी अजून आहे, पण त्याला १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपची स्पष्ट परवानगी लागते, आणि १९९९ मध्ये सुधारून छापलेल्या विधीत मानसिक आजार आहे का हे आधी पारखायला सांगितलं आहे. सालाझारचा संशय इथेही नियमात दिसतो, असं म्हणता येईल.

महाराष्ट्राचा कायदा या सगळ्या वादाला बगल देतो. या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. करणी खरी की खोटी हे तो विचारत नाही. भूत काढतो म्हणून मारहाण केली का, साप-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवलं का, चमत्काराच्या नावाने लुबाडलं का, एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचं जगणं मुश्कील केलं का, एवढंच तो पाहतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. घरात, मंदिरात, दर्ग्यात किंवा चर्चमध्ये कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान न करता केलेल्या प्रार्थनेला आणि विधीला त्यात सूट आहे. कायदा होण्याआधी वारकऱ्यांच्या मनात भीती घातली गेली होती, की वारीच बंद होणार. म्हणून वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांची नावं घेऊन सूट लिहावी लागली.

त्याच २०१३ मध्ये पापुआ न्यू गिनीत, जिथे बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, जमावाने एका तरुण बाईला चेटकीण ठरवून सगळ्यांदेखत जाळलं आणि तिथल्या सरकारने आपला जुना जादूटोणा कायदा रद्द केला. तो कायदा जादू खरी आहे असं धरून चालत होता, त्यामुळे 'मेलेला माणूस चेटकी होता' असं सांगून खुनी शिक्षा कमी करून घेऊ शकत होते. आपल्या कायद्यात तशी पळवाट नाही. करणी करणाऱ्याला मारलं असं सांगितलं, तरी तो गुन्हा दोनदा लागतो. एकदा मारल्याचा, एकदा त्याला करणी करणारा ठरवल्याचा. आरोपी देवऋषी असो, मौलवी असो वा पास्टर, कलम तेच. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा किंवा वरचा असतो, आणि तक्रार आपल्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यात नोंदवता येते.